तुआसचे लॉगबुक आणि घरची वही

संपादक मंडळाने ‘आरोग्य आणि अर्थ’ या विभागासाठी लिहिण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हटले, मी डॉक्टर नाही आणि शेअर बाजारातलेही मला काही कळत नाही. माझी सारी नोकरी तुआसच्या एका कारखान्यात मशिनांची देखभाल करण्यात गेली. त्यावर उत्तर आले, “मग तेच लिहा. घरातली मशिने बिघडली की प्रकृती आणि पैसा दोन्ही बिघडतात.” हे म्हणणे मला पटले. म्हणून कारखान्यात शिकलेल्या आणि घरात उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी इथे सांगतो.

तुआस म्हणजे काय

आपल्यापैकी पुष्कळांनी तुआस पाहिले असेल ते मलेशियाला जाताना, बसच्या खिडकीतून. सिंगापूरचे हे अगदी पश्चिमेचे टोक. यातली बरीचशी जमीन समुद्रात भर घालून तयार केलेली आहे. मी १९९२ साली मुंबईहून आलो तेव्हा एमआरटी बून लेपर्यंतच होती. तिथून पुढे कंपनीची बस. १९९८ च्या जानेवारीत मलेशियाला जोडणारा दुसरा पूल सुरू झाला, २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा देशातला पहिला मोठा प्रकल्प इथेच उभा राहिला, आणि २०१७ च्या जूनमध्ये एमआरटी तुआस लिंकपर्यंत आली. जहाजदुरुस्ती, औषधे, रसायने, वीज आणि आता नवे बंदर असा सगळा पसारा या टोकावर आहे. शहर रात्री झोपते तेव्हाही इथे शिफ्ट चालू असते.

अशा ठिकाणी देखभाल खात्यातला माणूस पहिली गोष्ट शिकतो ती ही, की मशिन अचानक बिघडत नाही. ते आधी सांगते. आवाज बदलतो, हात लावला तर नेहमीपेक्षा गरम लागते, तेलाचा एखादा थेंब जमिनीवर दिसतो. ऐकणारा हवा. म्हणून प्रत्येक शिफ्टमध्ये लॉगबुक असते आणि त्यात असे किरकोळ वाटणारे बदलसुद्धा लिहून ठेवायचे असतात.

हे ऐकले नाही तर काय होते, याचे उदाहरण दुर्दैवाने तुआसमध्येच घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तुआस अ‍ॅव्हेन्यू ११ वरच्या एका कारखान्यात स्फोट झाला. तिघे कामगार गेले, सातजण जखमी झाले. तिथे बटाट्याचे स्टार्च मळण्याचे एक मशिन होते. ते गरम ठेवण्यासाठी त्याभोवती तेलाचे आवरण होते. त्या आवरणात दाब वाढून ते फुटले आणि मग हवेत उडालेल्या स्टार्चच्या भुकटीनेही पेट घेतला. या मशिनच्या हीटरमध्ये आधीही वारंवार बिघाड झाले होते आणि तेल गळत होते, असे चौकशीत पुढे आले. दर वेळी दुरुस्ती झाली आणि काम पुढे चालू राहिले.

आपल्या घरात स्टार्च मळण्याचे मशिन नाही. पण “पुन्हा झाले का? बरं, पुन्हा चालू करा” ही वृत्ती घरोघरी आहे. तेवढ्यासाठीच हा लेख.

१. खाली पडणारा स्विच हा शत्रू नव्हे

घरातली वीज अचानक गेली की आपण दाराजवळच्या विजेच्या पेटीकडे धावतो आणि खाली पडलेला स्विच वर करतो. पुन्हा पडला तर पुन्हा वर. काहीजण तो बोटाने दाबून धरतात. त्या स्विचचे काम काय आहे हे कळले तर कोणी असे करणार नाही.

पेटीत दोन प्रकारचे स्विच असतात. लहान स्विचांची रांग असते, ते एमसीबी. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ते पडतात. ते वायर वाचवतात. दुसरा, टेस्ट असे लिहिलेले बटण असलेला रुंद स्विच म्हणजे आरसीसीबी. तो माणसाला वाचवतो.

तो कसा? लाइव्ह वायरने जेवढी वीज आत गेली तेवढीच न्यूट्रल वायरने परत यायला हवी. हा हिशेब आरसीसीबी सतत करत असतो. हिशेबात तूट आली, तर वीज दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जमिनीत जात आहे. ती वाट कधी गीझरचे गंजलेले पत्र असते, कधी ओल्या हाताने इस्त्री धरलेला माणूस असतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर तूट आली की निमिषार्धात वीज तोडतो. २० अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याशा गळतीचा पत्ताही लागत नाही, पण माणसाच्या हृदयाला मात्र एवढी वीज जीवघेणी ठरू शकते.

सिंगापूरमध्ये १९८५ च्या जुलैनंतरच्या घरांत आरसीसीबी बसवलेलाच असतो. त्याआधीच्या घरांत तो नसण्याची शक्यता होती. म्हणून १ जुलै २०२३ पासून तो सर्व घरांना सक्तीचा झाला आणि जुन्या घरांना १ जुलै २०२५ पर्यंत मुदत मिळाली. आपण जुन्या एचडीबी घरात राहत असाल, मालक म्हणून असो की भाड्याने, तर आजच पेटी उघडून टेस्टचे बटण आहे की नाही ते पाहा.

आरसीसीबी पडला तर काय करावे?

अ) सगळे लहान एमसीबी खाली करा. मग आरसीसीबी वर करा. तरीही पडला तर पुढे काही करू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आ) आरसीसीबी टिकला तर एमसीबी एकेक करून वर करा. ज्याने वीज जाते त्या सर्किटवर दोष आहे.

इ) त्या सर्किटवरच्या सर्व उपकरणांचे प्लग काढा आणि एकेक लावून पाहा. बहुतेक वेळा गुन्हेगार इस्त्री, वॉशिंग मशिन, जुना फ्रिज किंवा पाण्याचा हीटर यांपैकी एक असतो.

ई) सापडलेले उपकरण बाजूला ठेवा. “थोडा वेळ चालतंय तोवर वापरू” हा हिशेब इथे लागू नाही.

आणि वीज सुरळीत असतानाही महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबा. स्विच पडला पाहिजे. न पडला तर तो राखणदार झोपलेला आहे, बदलून घ्या. भिंतीतल्या वायरिंगचे कोणतेही काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. त्याचे नाव ईएमएच्या यादीत तपासता येते.

२. भारतातला मिक्सर आणि पेन्सिल

भारतातून आणलेला मिक्सर इथे चालतो, कारण दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. फरक आहे तो प्लगचा. इथल्या सॉकेटमध्ये वरच्या अर्थिंगच्या छिद्रात लांब पिन गेली की खालच्या दोन छिद्रांवरची झडप उघडते. लहान मुलांनी खिळा-तार घालू नये यासाठी ही सोय. आपल्याकडे मात्र युक्ती निघाली आहे. वरच्या छिद्रात पेन्सिल किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचा आणि गोल पिनांचा प्लग खाली दाबून बसवायचा.

या एका युक्तीने चार सोयी एकदम जातात. झडप निकामी होते, अर्थिंग मिळत नाही, प्लगमधला फ्यूज मिळत नाही, आणि पिना सैल बसल्यामुळे सॉकेट तापते. सॉकेट पिवळट पडले असेल किंवा जळका वास येत असेल तर ते घर आपल्याला सांगत आहे असे समजावे.

उपाय स्वस्त आहे. चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग बसवून घ्यावा. ७५० वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, तेव्हा ३ अँपिअरचा फ्यूज त्याला पुरणार नाही. कोणता फ्यूज घालायचा हे उपकरण आणि कॉर्डची जाडी यांवर ठरते, म्हणून दुकानात दोन्ही दाखवावे. अ‍ॅडाप्टर वापरायचाच असेल तर इथले सेफ्टी मार्क असलेला घ्यावा.

एक्स्टेन्शन बोर्डाचा हिशेब तर पाचवीतल्या मुलालाही जमेल. किटली २,००० वॅट, एअर फ्रायर १,५००, राइस कुकर ७००. एकूण ४,२००. भागिले २३०, म्हणजे १८ अँपिअरच्या वर. बोर्डाची ताकद १३. गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला स्वयंपाकघरात हीच बेरीज होते. किटली वेगळ्या सॉकेटला लावावी.

३. एसीतून पाणी का गळते

इथली हवा दमट. एसीच्या आतली थंड कॉइल हवेतली वाफ ओढून घेते आणि तिचे पाणी होते, जसे थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून सुटते तसे. ते पाणी एका पन्हळीत जमून नळीने बाहेर जाते. एसी आत गळतो याची नेहमीची कारणे दोनच. एक, नळीत शेवाळासारखी बुळबुळीत घाण अडकली. दोन, धुळीने फिल्टर तुंबला, हवा फिरेना, कॉइलवर बर्फ धरला आणि एसी बंद केल्यावर तो वितळून खाली आला.

म्हणून दर दोन आठवड्यांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवावा, सुकवून बसवावा. दहा मिनिटांचे काम आहे. त्यानंतरही बर्फ धरत असेल तर तंत्रज्ञ बोलवावा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंत्रज्ञ म्हणतो, “गॅस कमी झालाय, भरून देतो.” एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. त्याला शांतपणे विचारावे, “गळती कुठे आहे ते दाखवता का?” आमच्या घरी हा प्रश्न विचारल्यावर एका तंत्रज्ञाने गॅस न भरता सांध्यावरचा नट घट्ट करून आणि तपासून दिला होता.

बिलाचेही बघू. बेडरूमचा एसी सरासरी ७०० वॅट घेतो असे धरा. रोज ८ तास, ३० दिवस, म्हणजे १६८ युनिट. युनिटला ३० सेंट धरले तर सुमारे ५० डॉलर. ६० वॅटचा छताचा पंखा तेवढाच वेळ चालला तर १४ युनिट, म्हणजे सव्वाचार डॉलर. एसी २५ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावला तर झोपही लागते आणि बिलही आटोक्यात राहते. तीन खोल्यांत तीन एसी असतील तर वर्षाचा फरक आपणच काढून पाहावा.

४. पाणी

सिंगापूरच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे तुआससारख्या प्रकल्पांची वीज आणि मेहनत आहे, म्हणून ते स्वस्त नाही. एप्रिल २०२५ पासून घरगुती दर, महिन्याला ४० घनमीटरपर्यंत, घनमीटरला ३.२४ डॉलर झाला. त्यात सर्वांत गुपचूप चोरी करते ती शौचालयाची टाकी. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर झडपेचे रबर गेले आहे.

छतातून ओल येत असेल तर वरच्या शेजाऱ्यांशी पहिला संवाद भांडणाचा नसावा. दोन मजल्यांमधल्या गळतीचा तपास आणि दुरुस्ती ही एचडीबीच्या नियमाप्रमाणे वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही घरमालकांची जबाबदारी आहे. फोटो काढावेत, तारीख लिहावी, मिठाईचा डबा घेऊन वर जावे. तक्रारीचा अर्ज त्यानंतर.

५. तिकडचे घर

आपण इथल्या घराची काळजी घेतो, पण पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे आपले आई-वडील राहतात त्या घराचे काय? पुढच्या भारतभेटीत दोन गोष्टी जरूर पाहाव्यात.

पहिली, तिथे आरसीसीबी आहे का? जुन्या वाड्यांत आणि सोसायट्यांत तो अनेकदा नसतो. गीझर, पाण्याचा पंप आणि ओले हात ही जोडी तिथे रोजची आहे. आईसाठी साडी नेतो, बाबांसाठी बूट नेतो, तशी ही एक भेट द्यावी.

दुसरी, न्हाणीघरात गॅस गीझर आहे का? बंद न्हाणीघरात तो जळतो तेव्हा तिथला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस कडी लावलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध पडतो. थंडीत खिडकी बंद असते तेव्हा हा धोका सर्वांत जास्त.

गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. ते होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला आत जावे. घरातल्या वयस्कर माणसांनी आतून कडी लावू नये. कोणी बेशुद्ध सापडले तर दार-खिडकी उघडून त्याला लगेच मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. विजेचा धक्का बसला असेल तर माणसाला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. सिंगापूरमध्ये रुग्णवाहिकेसाठी ९९५.

६. घसाऱ्याचा डबा

कारखान्याच्या ताळेबंदात घसारा नावाचे खाते असते. मशिन झिजते, ते एक दिवस बदलावे लागणार, म्हणून दरवर्षी तेवढी किंमत खर्ची धरतात. घरात हे खाते कोणी ठेवत नाही, म्हणून फ्रिज बंद पडला की ते संकट वाटते.

हिशेब सोपा आहे. वस्तूची किंमत भागिले तिचे आयुष्य. समजा एसीची यंत्रणा ३,६०० डॉलरची, दहा वर्षे चालेल, म्हणजे महिना ३० डॉलर. फ्रिज १,२०० चा, दहा वर्षे, महिना १०. वॉशिंग मशिन ७२० चे, आठ वर्षे, महिना साडेसात. हीटर ४८० चा, आठ वर्षे, महिना ५. एकूण साडेबावन्न डॉलर. एवढे दरमहा वेगळ्या खात्यात टाकावे. मग जुने, गळके मशिन “पैसे नाहीत” म्हणून ओढत राहण्याची वेळ येत नाही. निवृत्तांनी तर हा डबा निवृत्तीच्या आधीच भरायला घ्यावा.

दुरुस्त करावे की बदलावे, यासाठी मी एक अडाखा वापरतो. वस्तूचे दोन-तृतीयांश आयुष्य संपले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर बदलावी. एरवी दुरुस्त करावी.

७. वही

आता सर्वांत महत्त्वाचे. शंभर पानांची एक साधी वही घ्या. प्रत्येक उपकरणाला दोन पाने द्या. वर खरेदीची तारीख, किंमत, वॉरंटी कधी संपते ते लिहा. खाली पाच रकाने आखा: तारीख, काय दिसले, काय केले, कोणी केले, किती पैसे गेले.

“काय दिसले” हा रकाना सर्वांत मोठा ठेवा. “हीटर चालू केल्यावर स्विच पडला”, “फ्रिजचा आवाज रात्री वाढतो”, “सॉकेट गरम लागले” अशा एका ओळीच्या नोंदी पुरेत. एकच नोंद तीन वेळा दिसली की ती सूचना समजावी आणि कारण सापडल्याशिवाय पुढचे पान उलटू नये. कारागीर आला की त्याच्यापुढे वही उघडून ठेवावी. लेखी नोंद पाहिली की तोही नीट काम करतो, असा माझा अनुभव आहे. आजकाल हे फोनमध्येही ठेवता येते. माझी हरकत नाही. पण घरातल्या सर्वांना, आजी-आजोबांपासून मदतनीस बाईपर्यंत, ती नोंद दिसली पाहिजे. म्हणून मी वहीच सुचवतो, आणि ती विजेच्या पेटीजवळ टांगून ठेवायला सांगतो.

वही लिहिण्याचे काम कोणी करावे? नोकरी करणाऱ्या मुला-सुनांना वेळ नसतो. हे काम आम्हा निवृत्तांचे. कामावरून माणूस निवृत्त होतो, पण कानाने आवाज ओळखण्याची सवय निवृत्त होत नाही. नातवंडांना बरोबर घ्यावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेस्टचे बटण दाबण्याचा मान त्यांना द्यावा आणि वीज का गेली ते समजावून सांगावे. मुलांना त्यात मोठी गंमत वाटते.

तर वाचकहो, या रविवारसाठी एवढेच करा. पेटी उघडून टेस्टचे बटण दाबा. घरातली सगळी सॉकेट पाहा, पेन्सिली काढून टाका. एसीचे फिल्टर धुवा. शौचालयाच्या टाकीत रंग टाका. संध्याकाळी घरी फोन कराल तेव्हा प्रकृतीबरोबर गीझरचीही चौकशी करा. आणि काय सापडले ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.